काक्षीचा रंग

तारांगणाच्या घुमटाखाली मधोमध जे यंत्र उभे आहे, त्याला तिथले सगळे मुंगळा म्हणतात. दोन टोकांना दोन काळे गोल, मध्ये बारीक कंबर, खाली लोखंडी पाय. गोलांच्या आत दिवा असतो आणि अंगावर हजारो बारीक छिद्रे. छिद्रातून निघालेला प्रकाश घुमटावर पडला की त्याचा तारा होतो. पण जे चाळीसेक तारे आकाशात ठळक दिसतात, त्यांचे छिद्रावर भागत नाही. त्यांच्यासाठी छोट्या नळ्या बसवलेल्या आहेत. प्रत्येक नळीत स्वतंत्र दिवा, स्वतंत्र भिंग आणि नखाएवढा रंगीत जिलेटिनचा तुकडा. दिव्याच्या उष्णतेने हा तुकडा फिकटतो, म्हणून वर्षातून एकदा तारांगण आठवडाभर बंद ठेवून सगळे तुकडे बदलतात. हे काम सुरुवातीपासून एकाच माणसाकडे आहे. त्यांना दिवेमास्तर म्हणतात.

मास्तर विज्ञान शिकलेले नाहीत. ते एका फिरत्या नाटक कंपनीत दिवे लावत. त्यांच्या हातचा सूर्यास्त पाहायला दुसऱ्या कंपन्यांचे लोक विंगेत येऊन उभे राहत. ही माहिती मास्तरांकडूनच मिळते, तेव्हा थोडी वजावट करून घ्यावी. कंपनी बसली त्याच सुमारास तारांगण उभे राहत होते आणि तिथे दिव्यातले कळणारा माणूस हवा होता. जिलेटिनचे कागद नंबर लावून येतात, पण मास्तरांनी नंबर कधी मानला नाही. एकाच नंबरचे दोन गठ्ठे दोन रंगांचे निघतात, हा त्यांचा नाटकातला अनुभव. ते तुकडा नळीत बसवत, घुमटाकडे बघत, डोके हलवत, दुसरा बसवत. तारा कसा दिसायला हवा हे त्यांच्या डोक्यात पक्के होते. शहराच्या उजेडात खरे तारे नीट दिसत नाहीत, त्यामुळे ताडून बघायची सोय नव्हती आणि त्यांना तशी गरजही वाटत नव्हती.

वर्षभराने तिथे पदार्थविज्ञान शिकलेल्या एक बाई निवेदनाला आल्या. कार्यक्रम जिवंत असे. बाई अंधारात मंचावर उभ्या राहून बोलत, मास्तर मागच्या काचेच्या खोलीतून आकाश फिरवत आणि दोघांच्या कानाला तार लावलेली असे. यांचे लग्न कानातच जमले, असे तिकीट खिडकीवरचे लोक अजून म्हणतात. कामावर ते एकमेकांना मंच आणि कंट्रोल म्हणतात, घरी अहो आणि अगं. भांडण दोन्हीकडे होते.

बाईंच्या कार्यक्रमात दहा मिनिटांचा एक भाग फक्त ताऱ्यांच्या रंगाचा होता. मंचावर एक साधा तारेचा बल्ब आणि त्याला फिरवायचे बटण. एखाद्या मुलाला वर बोलावून त्या त्याचा तळवा बल्बजवळ धरायला लावत आणि बटण जेमतेम फिरवत.

"काही दिसतंय?"

"नाही."

"हाताला काही लागतंय?"

"गरम लागतंय!"

"म्हणजे बल्ब काहीतरी फेकतोय, फक्त ते तुमच्या डोळ्यांना दिसत नाही. तुम्हीसुद्धा आत्ता तसंच फेकताय. अंगात ऊब आहे तोवर प्रत्येकजण चमकतो. तुमचे सरसुद्धा चमकतायत."

सगळी शाळा सरांकडे वळून बघे. मग बाई बटण पुढे नेत. तार आधी काळपट लाल होई, मग नारिंगी, मग पिवळी, मग पांढरट. अजून पुढे नेले तर तार वितळेल, हे मुलेच सांगत. ताऱ्यात तार नसते, त्यामुळे तारा पुढे जाऊ शकतो. पांढरा होतो, त्याहून तापला की निळसर. नळावर लाल म्हणजे गरम आणि निळा म्हणजे गार, आकाशात नेमके उलटे. मग कंट्रोल मृग नक्षत्र वर आणत असे. मृगाच्या खांद्यातली काक्षी लाल, साडेतीन हजार अंशांची. पायातला राजन्य निळा, बारा हजारांचा. आपला सूर्य मध्ये, पावणेसहा हजारांवर.

"तिथं थर्मामीटर घेऊन कोणी गेलेलं नाही," बाई म्हणत. "रंग हाच थर्मामीटर. बघा, काक्षी कशी निखाऱ्यासारखी लाल आहे."

हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटले होते, की ते म्हणताना त्या वर बघतही नसत.

गडबड हळूहळू सुरू झाली. आधी एखादे पोर अंधारातून म्हणे, लाल कुठाय? मग दोन-तीन पोरे म्हणू लागली. शेवटी एका सकाळी अख्ख्या वर्गाने एका सुरात ओरडून सांगितले, "बाई, पांढराय तो!"

बाईंनी समोरचा माइक बंद करून कानातल्या तारेवर विचारले, "कंट्रोल, काक्षी जरा बघता का?"

"काक्षी लावलेली आहे, मंच."

"पोरं पांढरी म्हणतायत."

"पोरांना सांगा, अंधाराला डोळे सरावायला वेळ लागतो. पुढं चला."

रात्रीच्या जेवणात विषय परत निघाला. मास्तर म्हणाले, "गेल्याच खेपेला नवा तुकडा घातलाय. लालभडक आहे. तुला दिसत नसेल तर डोळे तपासून घे."

बाई खरेच डोळे तपासून आल्या. डॉक्टरांनी काही दोष नाही म्हणून सांगितले. तरीही त्यांनी नवऱ्याचेच खरे मानले. डॉक्टर डोळ्यांचे होते, पण रंगातले मास्तरांना कळते, ही घरातली जुनी समजूत होती.

त्याच वर्षी त्यांच्या घराला रंग दिला गेला. मास्तरांनी भिंती पांढऱ्या हव्यात म्हणून सांगितले होते. रंगाऱ्याने काम उरकल्यावर ते म्हणाले, "हा पिवळा झाला." रंगाऱ्याने आणखी एक हात मारला. मास्तरांना तो साईचा रंग वाटला. तिसऱ्या हाताला रंगारी ब्रश बादलीत टाकून म्हणाला, "काका, याच्यापेक्षा पांढरा रंग कंपनीत होत नाही. आता तुम्हीच कंपनी काढा." मास्तरांनी भिंतींचा नाद सोडला, पण कपड्यांचा सोडला नाही. आपले शर्ट पिवळट पडतात म्हणून ते धुण्याच्या बादलीत नीळ वाढवत गेले. तारांगणात ते आले की तिकीट खिडकीवरून आवाज यायचा, "आभाळ आलं बघा."

अशात नवे संचालक आले. त्यांचे म्हणणे साधे होते. सगळीकडे आता रेकॉर्ड केलेला आवाज असतो, तो चुकत नाही, आजारी पडत नाही आणि वेळेत संपतो. त्यातच एका शाळेचे शिक्षक त्यांना जाता जाता सांगून गेले, की बाई सांगतात एक आणि वर दिसते दुसरेच. संचालकांनी बाईंना बोलावून घेतले.

"तुमच्यावर माझा राग नाही," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात समितीचे तिघं येऊन बसतील. एका शाळेचा खेळ बघतील. तुमचा आवाज ठेवायचा की रेकॉर्डिंग आणायचं ते तेच ठरवतील. तोवर तो रंगांचा भाग मात्र गाळा. उगाच हसं नको."

बाईंनी तो भाग गाळला. दुसऱ्या दिवशी काचेच्या खोलीत मास्तर मृग वर आणून थांबले आणि बाई सरळ ध्रुवताऱ्यावर गेल्या. त्या दिवशी घरी येताना दोघे बसमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसले.

"माझे तारे बिघडलेत असं तू त्यांना सांगितलंस," घरात पाय टाकल्या टाकल्या मास्तर म्हणाले.

"मी एक अक्षर बोलले नाही. पोरं बोलली."

"पोरांना काय कळतं?"

"डोळे आहेत त्यांना!" बाई म्हणाल्या. "आणि तुमच्या ताऱ्यांचं जाऊ द्या. माझं तोंड बंद होतंय तिथं, ते दिसतंय का तुम्हाला?"

आयुष्यभर अंधारात उभे राहून बोलणारी ही बाई एका फितीने बदलली जाईल, हे मास्तरांना दिसत होते. आपला त्यात काही हात असेल, हे दिसत नव्हते.

ते एका निळ्या दिव्यामुळे कळले. काचेच्या खोलीत फळीवर एक छोटा निळा दिवा आहे, यंत्र तापले की तो लागतो. मास्तरांनी तो गेलाय म्हणून दोनदा बदलून घेतला. तिसऱ्यांदा वायरमन म्हणाला, "मास्तर, हा लागलेलाच आहे की." मास्तर हसले आणि तो विनोद म्हणून घरी सांगितला. माहेरी आलेली लेक हसली नाही. तिने दुसऱ्याच दिवशी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन बसवले.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, हळूहळू पिकणारा, पिवळा. डॉक्टरांनी समजावून सांगितले, की डोळ्यातले भिंग असे पिवळे पडले की ते निळा प्रकाश अडवते. माणसाला वर्षानुवर्षे कळत नाही, कारण रोज बदल कणाकणाने होतो. एक डोळा आत्ता करू, दुसरा दोन महिन्यांनी.

पट्टी निघाली त्या दिवशी मास्तर घरी आले, कपाट उघडले आणि ओरडले, "माझे सगळे शर्ट निळे कोणी केले?"

"तुम्हीच," बाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

मास्तर पलंगावर बसले. त्यांनी उजवा डोळा झाकला, शर्ट पांढरे झाले. डावा झाकला, निळे झाले. लेकीला आधी गंमत वाटली, पण मास्तर ते परत परत करत राहिले आणि मग त्यांनी चपला मागितल्या. डॉक्टरांनी घराबाहेर पडू नका म्हटले होते. लेकीने रिक्षा आणली.

तारांगणाला सुट्टी होती. मास्तरांनी मुंगळा चालू करायला लावला आणि खुर्चीवर मान टेकवून ते वर बघत बसले. जुन्या डोळ्याने आकाश जसे हवे तसे होते. काक्षी लाल, राजन्य निळसर. नव्या डोळ्याने सगळे आकाश ट्यूबलाइटसारखे झाले होते. राजन्य गडद निळा आणि काक्षी पांढरी. जसजसे त्यांचे भिंग पिवळे होत गेले, तसतसे ते दर वर्षी प्रत्येक ताऱ्यात थोडी थोडी नीळ घालत आले होते. जुना तुकडा नव्याशेजारी ठेवून बघितला असता तर चूक लगेच पकडली गेली असती, पण जुना तुकडा फिकटलेला असतो म्हणून ते तो आधीच फेकून देत. ते जुळवत होते फक्त आठवणीशी.

घरी आल्यावर त्यांनी बाईंना एवढेच सांगितले, "पोरं बरोबर होती."

बाई म्हणाल्या, "मी डोळे तपासायला गेले होते तुमच्या सांगण्यावरून."

"माहितीय."

"रांगेत अर्धा दिवस गेला माझा."

"माहितीय म्हटलं ना."

समितीच्या खेळाआधी एकच सुट्टीचा दिवस उरला होता. मास्तरांना वाकायची, शिडी चढायची आणि धुळीत जायची बंदी होती. शिडीवर बाई चढल्या, आयुष्यात पहिल्यांदा. मास्तर खाली खुर्चीत. ते म्हणाले, "तू तुकडे लाव, मी नव्या डोळ्याने सांगतो."

"आणि नवा डोळा बरोबर कशावरून?" बाईंनी वरून विचारले. "डॉक्टर म्हणाले ना, पहिले काही आठवडे सगळं जास्तच निळं दिसेल म्हणून. म्हणजे आता तुम्ही उलट्या बाजूला चुकणार."

बाई शिडीवरून उतरल्या. त्यांनी मागचे दार उघडले. बाहेर अंगणात ऊन होते. त्यांनी टेबल दाराशी ओढले, त्यावर पांढरा कागद ठेवला, अर्ध्या भागावर ऊन पडू दिले आणि उरलेल्या अर्ध्यावर पुठ्ठा आडवा धरून सावली केली. मुंगळ्यातला एक सुटा दिवा त्या सावलीच्या बाजूला रोखला आणि दिव्यासमोर निळसर तुकडे एकामागून एक धरायला लागल्या. उन्हाच्या मानाने दिवा फारच मंद, म्हणून ऊन त्यांनी एका बारीक छिद्रातून घेतले. कागदावर दोन उजेडांच्या मध्ये सरळ रेष दिसत होती, एका अंगाला पांढरे, दुसऱ्या अंगाला पिवळे. तुकडे बदलत गेले तशी रेष पुसट होत गेली.

"रेष गेली की सांगा," बाई म्हणाल्या. "हा सूर्याचा रंग. सूर्यासारखे जे तारे आहेत त्यांना हा तुकडा."

मास्तरांनी नव्या डोळ्याने बघितले. एका तुकड्याशी ते म्हणाले, "गेली." मग त्यांनी तो डोळा झाकून जुन्याने बघितले. त्या डोळ्याला सगळा कागद पिवळा दिसत होता, तरी रेष त्याच तुकड्याशी गेली होती. दोन उजेड शेजारी ठेवले की डोळा कसलाही असला तरी दोघांना सारखाच फसवतो. मास्तरांनी हे दोन-तीनदा करून बघितले. नाटकात हे कोणी शिकवले नाही, एवढेच ते पुटपुटले.

राजन्यासाठी बाईंनी कागद उन्हातून काढून भिंतीच्या सावलीत ठेवला. तिथे फक्त आभाळाचा उजेड पडतो आणि तो निळा असतो. तो तापल्यामुळे निळा नसतो, हवा निळा प्रकाश जास्त विखुरते म्हणून असतो. पण रंग जुळवायला चालतो. तोही जुळला.

अडचण आली ती काक्षीची. तिच्या तापमानाच्या जवळचा उजेड म्हणून बाईंनी आपला मंचावरचा बल्ब पूर्ण तेजावर लावला आणि शेजारी मुंगळ्याचा दिवा लाल तुकड्यातून रोखला, पहिल्या वर्षी मास्तरांनी वापरला होता तसलाच. एक अर्धा भाग रक्तासारखा लाल झाला. त्यांनी फिका लाल लावला, मग नारिंगी, मग पिवळा. रेष जाईना. शेवटी तुकडाच काढून टाकला, तेव्हा रेष जवळजवळ गेली.

बाई बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. "बल्बची तार सत्तावीसशे-अठ्ठावीसशे अंशांवर असते," त्या म्हणाल्या. "तुमचा दिवा तीन हजारांच्या आसपास. काक्षी साडेतीन हजार. म्हणजे तिला लाल लावायचाच नाही. ती तुमच्या उघड्या दिव्याच्या रंगाची आहे. उलट जराशी पांढरीच."

"उघडा दिवा?" मास्तर खुर्चीत सरळ झाले. "मग इतकी वर्षं मी काय केलं?"

"तुम्ही नाटक केलं. आणि मी निखारा निखारा म्हणत त्याला टाळ्या घेतल्या."

"पण उघडा दिवा लावला तर पोरं परत पांढरा म्हणतील."

"म्हणतील."

"समितीसमोर?"

बाईंनी काक्षीची नळी तुकडा न लावताच बंद केली.

खेळाच्या दिवशी सकाळी एका शाळेची पोरे घुमटाखाली भरली. मागच्या रांगेत समितीचे तिघे आणि संचालक. बाईंनी बल्बचा भाग केला. मग अंधार झाला, मृग वर आले आणि त्यांनी नेहमीचे वाक्य म्हटले नाही. त्यांनी विचारले, "खांद्यातला तो तारा कोणत्या रंगाचा?"

"पांढरा!" एक आवाज आला. "पिवळा!" "नारिंगी आहे, आंधळा आहेस का?" "तूच आंधळा!" दहा सेकंदांत घुमटाखाली बाजार भरला. मागच्या रांगेत कोणीतरी खाकरले.

"आता पायातला तारा बघा. आणि परत खांद्यातला."

बाजार थोडा कमी झाला. राजन्याशेजारी काक्षी पिवळी-नारिंगी दिसत होती. बाईंनी मंचावरचा बल्ब बारीक छिद्राच्या झाकणाआडून पूर्ण तेजावर लावला.

"बाई, तो सेम बल्बसारखाय!"

"मग बल्ब आणि तो तारा सारखेच गरम?" एका मुलीने विचारले.

"जवळजवळ. तारा थोडा जास्त."

"मग तुम्ही लालसर ताऱ्याला गार का म्हणालात?"

"बाकीच्या ताऱ्यांच्या मानानं. तुला हात लावायला दिला तर तू गार म्हणणार नाहीस."

"मग घरच्या बल्बच्या तारेला हात लावला तर ताऱ्याला लावल्यासारखं होईल?"

"होईल. पण आईला माझं नाव सांगू नकोस."

पोरे खिदळली. प्रश्न थांबेनात. एकाने विचारले, लोखंड ताऱ्यासारखे निळे का होत नाही. दुसऱ्याने विचारले, सर किती अंशांवर चमकतात. बाईंच्या कानात मास्तरांचा आवाज आला, "मंच, वेळ संपली. सूर्योदय थांबवून धरलाय. किती वेळ धरू?"

"धरा," बाई म्हणाल्या, चुकून उघड्या माइकवर.

समितीने निर्णय दुसऱ्या आठवड्यात कळवला. शाळांचे सकाळचे खेळ बाईंच्याच आवाजात होतील. दुपारी इतर लोक येतात, त्यांच्यासाठी रेकॉर्डिंग लावावे. संचालकांनी निरोप द्यायला त्यांना खोलीत बोलावले. ते नाराज दिसत नव्हते. वेळ पाळत चला, एवढे मात्र म्हणाले. आणि म्हणाले, की दुपारचे रेकॉर्डिंगही तुम्हीच करा, आवाज लोकांच्या ओळखीचा आहे.

"मला मध्ये थांबावं लागतं," बाई म्हणाल्या. "समोरून काय येतंय ते ऐकायला. मशीन कोणासाठी थांबणार?"

त्यामुळे दुपारचा आवाज एका नटाचा आहे. खर्जातला, चांगला आवाज आहे. मृग वर आले की तो म्हणतो, पाहा, काक्षी, निखाऱ्यासारखी लाल. संचालकांनी मास्तरांना विचारून पाहिले, की दुपारपुरता एक लाल तुकडा लावता येईल का, म्हणजे ऐकलेले आणि दिसलेले जुळेल. मास्तरांचा दुसरा डोळाही आता झाला आहे. ते म्हणाले, तुकडा लावता येतो, दोन मिनिटांचे काम आहे, आणि आपण ते करणार नाही. नटाला पुन्हा बोलावून घ्या.